कशानं गेलं?

कोल्हापूर भागातल्या नव्वदीच्या कोणत्याही आजीला ‘मुलं किती?’ असं विचारलं, तर उत्तर बहुधा दोन आकड्यांत येतं. ‘आठ झाली, पाच जगली.’ पाचांचं सगळं ती सांगते: कोण कुठं नोकरीला, कुणाची सून कुठली, कुणाच्या पोराचं लग्न ठरायचंय. उरलेल्या तिघांबद्दल ‘लहानपणीच गेली’ एवढंच. विचारणाराही तिथं थांबतो, कारण पुढचा प्रश्न विचारणं आपल्याकडं असभ्यपणाचं समजतात. पुढचा प्रश्न साधा आहे. नावं काय होती, आणि कशानं गेली?

हा प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं. आजाराने गेलेल्या लेकराची आठवण ठेवायची म्हणजे त्याचं नाव आणि त्याच्या मृत्यूचं कारण या दोन्ही गोष्टी घराने जपायच्या. पहिली आपण क्वचित जपतो, दुसरी जवळपास कधीच नाही. हळहळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कारणाशिवायची हळहळ हळूहळू नशिबाच्या खात्यात जमा होते, आणि नशिबाला कुणी जाब विचारत नाही.

आधी हे मान्य करायला हवं की आपल्या पूर्वजांचं विसरणं निष्काळजीपणाचं नव्हतं. त्यामागे एक रचना होती. बारसं बाराव्या दिवशी. त्याआधी गेलेलं मूल निनावीच जाई. लहान मुलाला अग्नी देत नसत, पुरत असत. धर्मशास्त्राने सुतकाचे दिवसही वयाप्रमाणे ठरवले होते: दात आले होते का, जावळ झालं होतं का, मुंज झाली होती का, यावर घराने किती दिवस शोक पाळायचा ते ठरे. अगदी तान्ह्यासाठी तर आंघोळ केली की सुतक फिटलं. श्राद्ध नाही, पिंड नाही. लिंगायतांमध्ये सगळ्यांनाच पुरतात आणि सुतकाचा विचारही वेगळा आहे, तरी तिथल्याही वंशावळीत तान्ह्या लेकराला फारशी जागा नसते. आपल्याकडं बैलावर बसून येणारे हेळवी घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. त्यांच्या चोपड्यांतला वंश पुढे चालणाऱ्यांचा असतो. ज्याच्यापाशी फांदी संपली, त्याच्यासाठी कोण थांबणार?

यात एक दया होती, हे नाकारता येणार नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १४६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. त्याआधीच्या पिढ्यांत प्रमाण आणखी वाईट होतं. जिच्या पदरी आठ बाळंतपणं आणि तीन मरणं, तिला प्रत्येक वेळी पूर्ण सुतक, पूर्ण शोक, वर्षश्राद्ध लावलं असतं तर ती उभी कशी राहिली असती? चूल पेटवायची होती, भांगलणीला जायचं होतं, कडेवर दुसरं होतंच. समाजाने तिला विसरायची सवलत दिली, कारण आठवायची चैन तिला परवडणारी नव्हती.

पण सवलत मिळाली म्हणून ती विसरली, असं नाही. पाठच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवायचं, त्याचं नाक टोचायचं, कुणाच्या तरी पदरात टाकून पसाभर धान्याला परत विकत घ्यायचं, हे सगळे प्रकार कशासाठी होते? आधीचं हातचं गेलं म्हणून. गेलेल्या मुलाला नाव मिळालं नाही, आणि त्याची भीती मात्र जगलेल्या भावाच्या नावात आयुष्यभर राहिली. शाळेच्या पटावर धोंडू हे नाव वाचणाऱ्या मास्तरांना त्याच्या आधीचं कोण गेलं हे ठाऊक नसे. त्याच्या आईला ठाऊक असे.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये एक मत मांडलं. जिथं मुलं सर्रास मरतात, तिथं आईबाप त्यांच्यात फार जीव गुंतवत नाहीत, असा त्याचा सूर होता. पुढं इतर इतिहासकारांनी ते बरंच खोडून काढलं. आपल्याला त्यासाठी युरोपात जायला नको, कोल्हापूरला आलेलं एक पत्र पुरेसं आहे. जुलै १९२६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा धाकटा मुलगा राजरत्न न्यूमोनियाने गेला. त्याआधी गंगाधर, रमेश आणि मुलगी इंदू गेली होती. पाच मुलांत एकटे यशवंतराव राहिले. महिन्याभराने, १६ ऑगस्टला, बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. हे दत्तोबा म्हणजे माणगाव परिषदेच्या काळापासूनचे त्यांचे सहकारी. रमाबाई आणि आपण या धक्क्यातून सावरलेलो नाही, चार लेकरं आपण पुरली, त्यांच्याबरोबर जगण्याची चवच गेली, असा त्या पत्राचा आशय आहे. लिहिणारा माणूस कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर होता, आणि चौथं मूल जाईपर्यंत त्याला या दुःखाची ‘सवय’ झालेली नव्हती. ज्यांनी पत्रं लिहिली नाहीत, लिहिता येत नव्हती, त्यांना ती झाली असेल असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

बाबासाहेबांचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचं विधेयक आलं. त्याच्या बाजूने बाबासाहेब बोलले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. राजरत्नाच्या मृत्यूतून ते भाषण निघालं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, त्यांनी तसं म्हटलेलं मला माहीत नाही. पण एक गोष्ट दिसते. ज्याच्या घरातली चार मुलं गेली, त्या माणसाने सार्वजनिक जीवनात बाळंतपण आणि दारिद्र्य यांचा प्रश्न धर्माच्या किंवा दैवाच्या भाषेत मांडला नाही. त्याने तो पगाराच्या, विश्रांतीच्या आणि कायद्याच्या भाषेत मांडला.

हेच वळण त्याआधी अर्धशतक एका मुलीच्या आयुष्यात आलं होतं, आणि तिची गोष्टही कोल्हापुराशी बांधलेली आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मुलगा दहा दिवस जगला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे या मुलाला नाव मिळण्याची वेळच आली नाही. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही जाणीव आनंदीबाईंना डॉक्टरकीकडं घेऊन गेली असं त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढ्या एका घटनेतून एक सबंध आयुष्य उलगडत नाही, हे खरं. त्यांचे पती गोपाळराव यांचा शिकवण्याचा हट्ट तर लग्नापासूनचा. त्यांची नोकरी कोल्हापुरात असतानाच बायकोला अमेरिकेत पाठवण्याबद्दल मिशनऱ्यांशी बोलणी सुरू झाली. ज्या रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत तो पत्रव्यवहार गेला, त्यांनीच १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू केलं होतं. १८८६ मध्ये आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना बोलावणं पाठवलं: आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून. त्या परतल्या त्याच क्षय घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. तेव्हा त्यांना बावीसही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाईंच्या अस्थींना न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथं, त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. तिथं त्यांच्या नावाचा दगड आहे. त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झालं, चित्रपट झाला. त्या सगळ्यांत दहा दिवसांचा मुलगा येतो तो नायिकेच्या प्रवासातली एक पायरी म्हणून. मला यात तक्रार करायची नाही. उलट, त्या मुलाचं स्मरण नीट झालं असं मला वाटतं, आणि ते स्मारकाने झालं नाही. आईने ‘माझं नशीब’ म्हणून डोळे पुसले असते तर ते चारचौघांसारखं झालं असतं. तिने विचारलं की काय कमी पडलं. बाई डॉक्टर कमी पडली, बाळंतिणीला तपासू शकेल असं कुणी कमी पडलं. कारण कळल्यावर ती ते कारण दूर करायला निघाली. तिला वेळ मिळाला नाही, पण जागा रिकामी राहिली नाही. शाहू महाराजांच्या पाठबळाने शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी पुढं त्याच रुग्णालयात काम केलं.

कुणी म्हणेल, ही मोठी माणसं. त्यांची मुलंही लक्षात राहतात. तसं होतंच असं नाही. १९४० मध्ये छत्रपती राजाराम महाराज गेले. वारस म्हणून भोसले घराण्यातलं नोव्हेंबर १९४१ मध्ये जन्मलेलं एक बाळ दत्तक आलं, त्याचं नाव शिवाजी ठेवलं गेलं, आणि महाराणी ताराबाई त्याच्या नावाने कारभार पाहू लागल्या. सप्टेंबर १९४६ मध्ये ते बाळ गेलं. पाच वर्षंही पुरी झाली नव्हती. मग देवासचे विक्रमसिंह दत्तक आले आणि १९४७ मध्ये शहाजी महाराज म्हणून गादीवर बसले. कोल्हापूरच्या वंशावळीत या छोट्या शिवाजीची ओळ आहे, कारण गादीला ओळ लागते. जन्म, दत्तविधान, रीजन्सी, मृत्यू, पुढचं दत्तविधान. ते पोर कशाला हसायचं, कशाला रडायचं, कुणाच्या कडेवर राहायचं, हे त्या ओळीला नको असतं. राजाच्या मुलाला तारीख मिळाली, गिरणीवाल्याच्या किंवा कुळवाड्याच्या मुलाला तीही नाही. आपली दप्तरं वारसा मोजतात. माणूस मोजायचा तर तो घरानेच मोजायला हवा.

माणूस मोजणं कसं असतं, त्याचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. चार्ल्स डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी एप्रिल १८५१ मध्ये आजाराने गेली. आठवड्याच्या आत बापाने बसून तिच्याबद्दल काही पानं लिहिली: ती कशी चालायची, कशी मिठी मारायची, आजारपणात कशी वागली. स्वतःसाठी लिहिलेली ती पानं. पण डार्विन तिथं थांबला नाही. तो आणि त्याची बायको एमा आते-मामे भावंडं होती. आपल्या मुलांच्या दुबळेपणाचं मूळ या नात्यात तर नाही ना, ही शंका त्याला आयुष्यभर छळत राहिली. म्हणून १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत चुलत-आते-मामे भावंडांमधल्या लग्नांबद्दल एक प्रश्न घालावा असा प्रस्ताव त्याने मित्राकरवी संसदेत मांडायला लावला. संसदेने तो फेटाळला. मामाची मुलगी हक्काची मानणाऱ्या आपल्या दक्षिण महाराष्ट्राला ही शंका परकी वाटू नये. डार्विनने दोन्ही गोष्टी केल्या. मुलगी कशी होती ते लिहून ठेवलं आणि ती का गेली असावी ते विचारत राहिला. एकीने दुसरीला अडवलं नाही.

आता आक्षेपांकडं येऊ. पहिला आक्षेप बायकांचाच असतो: खपली कशाला काढायची? ज्या बाईने साठ वर्षं तोंड उघडलं नाही, तिला आता बोलतं करून काय मिळवणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. बोलायचं की नाही हे तिनेच ठरवायचं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कारण शोधायला गेलं की ते बहुतेक वेळा बाईच्या अंगावर येतं. ‘बाळंतीण असून आंबट खाल्लं’, ‘ओल्यात हिंडली’, ‘दूध बाधलं’, ‘नजर लागली तेव्हा कुठं होतीस’, आणि फार झालं तर ‘पांढऱ्या पायाची’. म्हणून घरातली शहाणी माणसं विषयच काढत नाहीत. त्यांचं मौन तिला वाचवण्यासाठी असतं.

पण नीट पाहिलं तर हा दुसरा आक्षेप माझ्याच बाजूचा निघतो. आईवर ठपका कधी येतो? खरं कारण कुणालाच माहीत नसतं तेव्हा. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या चिपेने कापली आणि सात-आठ दिवसांनी बाळ आखडलं, तर तो धनुर्वात. आईच्या खाण्यापिण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. अंगातलं पाणी हगवणीने गेलं, आणि ‘पोट बिघडलंय, पाणी देऊ नका’ असं म्हणून उरलंसुरलंही तोडलं, तर मूल त्याने गेलं, दुधाने नव्हे. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, न्यूमोनिया, देवी या सगळ्यांना स्वतःची कारणं आहेत. पूर्वी देवीचा रोग ही देवीच होती आणि पटकी म्हणजे मरीआईचा कोप. आजही आषाढात पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातं. ती श्रद्धा आहे, आणि तिच्यापाशी माझं भांडण नाही. पण आषाढातलं नवं पाणी लेकरांच्या पोटात काय करत होतं, याचं उत्तर देवीकडं मागून चालणार नव्हतं. देवी रागावली की माणूस नवस करतो. पाणी खराब आहे हे कळलं की तो पाण्याची सोय मागतो. साखर-मीठ-पाण्याचं द्रावण हगवणीने जाणारा जीव वाचवतं, हे १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो माणसांवर दाखवून दिलं. ‘दूध बाधलं’ म्हणून जिला साठ वर्षं मनातल्या मनात खावं लागलं, तिला हे कुणी सांगितलं का? तिच्या निरपराधित्वाचा पुरावा केव्हाच तयार आहे. तो घरापर्यंत पोचलेला नाही, कारण घरात प्रश्नच विचारला गेलेला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न शिस्तीने विचारला गेला तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव मुलांचे मृत्यू नोंदवले. सरकारी कागदावर न आलेले मृत्यूही त्यांनी शोधले. कार्यकर्ते घरी जाऊन बसत आणि आईला विचारत: काय झालं होतं, श्वास कसा चालला होता, दूध कधी सोडलं, रडणं कधी थांबलं. वैद्यकाच्या भाषेत ही मृत्यूची तोंडी तपासणी. त्या आईच्या दृष्टीने, तिच्या बाळाबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेत होतं. या उत्तरांवरून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली गेली, खेड्यातल्या बायकांना ती शिकवली गेली, आणि एकोणचाळीस गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. राज्यात खरे बालमृत्यू किती आणि कागदावर किती, हे दाखवणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये आला, तेव्हा सरकारला हलावं लागलं. जे दुःख ऐकलं आणि लिहिलं गेलं, त्याने पुढची मुलं वाचवली. माझ्या सगळ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा आधार मला देता येणार नाही.

‘आता हे कशाला, आता मुलं जगतात’ असंही ऐकू येतं. जगतात, हे खरं. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजारी सोळा अर्भकं दगावली, देशात अठ्ठावीस. ही घट मोठी आहे आणि ती आपोआप झालेली नाही. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. आजीच्या काळात लेकरू गमावलेली बाई वाड्यात एकटी नसे. शेजारणीचं गेलेलं असे, नणंदेचं गेलेलं असे. आज कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ज्यांचं बाळ काचेच्या पेटीत आठ दिवस राहून जातं, त्यांच्या ओळखीत असं कुणीच नसतं. त्यांना सांत्वन मात्र जुन्या काळातलंच मिळतं: विसरा, वय आहे, दुसरं होईल. ज्या काळात विसरण्याला कारण होतं, तो काळ गेला. सवय मागे राहिली. घरात पूर्वी गेलेल्या मुलांबद्दल मोकळेपणाने बोललं जात असेल, तर आज ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांना आपल्या घराच्या इतिहासात निदान जागा असते.

मग करायचं काय? काम लहान आहे आणि घाईचं आहे. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत बाळंत झालेल्या बायका आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांची इच्छा असेल तर त्यांना विचारावं. त्यांना नको असेल तर थोरल्या अक्काला विचारावं. आठ-दहा वर्षांची ती पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडायची, आणि ते आजारी पडल्यावर काय काय झालं ते बहुतेक वेळा तिनेच पाहिलेलं असतं. तिला कधी कुणी साक्षीदार समजलं नाही. मग जे कळेल ते वंशावळीत लिहावं: नाव असेल तर नाव, नसेल तर ‘मुलगा, दहा दिवस’ किंवा ‘मुलगी, दीड वर्ष’, आणि पुढं कारण. कारण नक्की नसेल तर लक्षणं लिहावीत. हल्लीच्या बाळांसाठी कायद्याने सोय केलेलीच आहे. १९६९ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तासभर जगलेल्या बाळाचाही जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवायचे असतात. ती नोंद करताना कारणाचा रकाना भरून घेण्याचा आग्रह घरच्यांनीच धरायला हवा.

अशा पन्नास घरांच्या वंशावळी शेजारी ठेवल्या, तर त्या नुसत्या घराण्यांच्या राहणार नाहीत. कोणत्या गल्लीत पाणी खराब होतं, कोणत्या वाडीला डॉक्टर पोचत नव्हता, कोणत्या जातीच्या वस्तीला विहीर बंद होती, लस कधी आली आणि कुणापर्यंत उशिरा आली, हे त्यांत लिहिलेलं सापडेल. लेकरं नशिबाने गेली असं मानणारा समाज पुढच्या लेकरांसाठी नशीबच मागत राहतो. ती कशानं गेली हे ज्याला ठाऊक आहे, तो पाणी, दवाखाना आणि लस मागू शकतो, आणि नाही मिळाली तर कुणाला धरायचं हेही त्याला कळतं.